झीज आणि गळती

माझ्या मोटारसायकलीला क्लचची वायर नाही. हे मी कुणाला सांगितले की ऐकणाऱ्याचा चेहरा सहानुभूतीने भरून येतो. बिचाऱ्याची वायर तुटली, असे त्याला वाटते. मग मला खुलासा करावा लागतो, की ती तुटलेली नाही, ती मुळातच नव्हती. वायरीच्या जागी तेल आहे. मुठीजवळची दांडी दाबली की तिच्या मुळाशी असलेल्या लहानशा सिलिंडरातला दट्ट्या तेलाला ढकलतो. ते तेल एका नळीतून खाली इंजिनाजवळच्या दुसऱ्या सिलिंडरात जाऊन तिथल्या दट्ट्याला पुढे सारते. तो दट्ट्या एका सळईला रेटतो आणि सळई क्लचच्या प्लेटा सैल करते. शाळेच्या प्रदर्शनात मुले दोन सिरिंजा नळीने जोडतात आणि इकडची दाबून तिकडची वर काढून दाखवतात ना, तोच हा खेळ. पास्कल नावाच्या फ्रेंच गृहस्थाने सतराव्या शतकातच त्याचा नियम सांगून ठेवला आहे: कोंडलेल्या द्रवाला एका जागी दाब दिला, की तो सगळीकडे सारखा पोचतो.

हे मी एवढ्या विस्ताराने सांगतो, त्यात ज्ञानापेक्षा मिरवणेच अधिक आहे. साठीच्या उंबरठ्यावरच्या माणसाने पुण्याहून एक जुनी, परदेशी बनावटीची, म्हशीएवढी मोटारसायकल साताऱ्याला आणावी, याला घरातून फारसे प्रोत्साहन नव्हते. "गुडघ्यांना तेल लावायच्या वयात हे मोटारसायकलीला तेल घालायला निघाले," एवढाच सौभाग्यवतींचा अभिप्राय होता. तेव्हा आपल्या गाडीत काहीतरी लोकोत्तर आहे, हे सिद्ध करणे मला भाग होते. आणि तेलाच्या क्लचइतकी लोकोत्तर गोष्ट तीत दुसरी नव्हती.

वायरीचा क्लच सारखा कुरकुरतो. ताण सैल पडतो, तो स्क्रू फिरवून घ्यावा लागतो. तुटण्याआधी एकेक तार सुटू लागते, दांडी जड होते, हाताला कळते. तेलाच्या क्लचचे तसे नाही. प्लेटा झिजल्या तरी तो आपला आपण जुळवून घेतो. मुठीला पत्ताही लागत नाही. जी वस्तू कुरकुरत नाही ती उत्तम, असे त्या वेळी माझे मत होते.

नाही म्हणायला एक गोष्ट होत असे. दांडीजवळ तेलाची एक छोटी डबी असते. तिला काचेची इवलीशी खिडकी आणि खिडकीवर एक रेघ. या रेघेखाली तेल उतरू देऊ नये. माझ्या डबीतले तेल महिना-दीड महिन्याने रेघेखाली उतरे. मी झाकण काढून ब्रेक ऑइलची बाटली तिरकी करी, रेघ भेटली की थांबे आणि फडक्याला हात पुसून घरात जाई. तेल का उतरते, हे मी कुणाला विचारले नाही. कारण मला ते ठाऊक होते! ब्रेकचे पॅड झिजले, की त्यांच्यामागचे दट्ट्ये पुढे सरकतात, सिलिंडरात जास्त तेल मावते आणि डबीतली पातळी खाली येते, हे मी कधीकाळी एका जाणत्या माणसाकडून ऐकले होते. जे ब्रेकचे तेच क्लचचे, असा मी न्याय लावला. झीज आहे, चालायचेच!

सांगलीला माझी थोरली बहीण असते. आम्ही तिला आक्का म्हणतो. तिचे घर नदीपासून फार लांब नाही. एके काळी दर रविवारी तिचा फोन येई. पुढे तो महिन्याने येऊ लागला, मग सणावारी. भाऊबीजेला मी साडी कुरिअरने पाठवी आणि सोबत बँकेतून थोडी रक्कम. साडी पोचल्याचा निरोप येई. सौभाग्यवती कधी म्हणत, "आक्का हल्ली फार बोलत नाहीत." मी म्हणे, "वय झालं. प्रत्येकाला आपापले व्याप." हेही मला ठाऊकच होते.

गेल्या वर्षी मात्र दिवाळीत मनात आले, की भाऊबीजेला आपणच जावे. खरे सांगायचे तर बहिणीच्या ओढीपेक्षा साताऱ्याहून सांगलीपर्यंतचा सव्वाशे किलोमीटरचा रस्ता मला अधिक खुणावत होता. मी सकाळी सात वाजता निघालो. अजिंक्यतारा मागे पडला, नागठाणे गेले, उंब्रज गेले. थंडीची नुकतीच चाहूल लागली होती. उसाने लादलेले ट्रॅक्टर हमरस्त्याला लागले होते. स्वारी खूश होती.

कराडजवळ पहिल्यांदा शंका आली. नाक्यावर थांबलो, पहिला गिअर टाकलेला, दांडी पूर्ण दाबलेली. तरी गाडी दावणीच्या जनावरासारखी पुढे ओढ घेऊ लागली. न्यूट्रल सापडेना. दांडी दाबताना लोण्यात बोट घालावे तसे वाटत होते. दोन-तीनदा भराभर दाबली तर अंमळ घट्ट लागली; क्षणभराने पुन्हा मऊ.

सणाचा दिवस असूनही एक मिस्त्री दुकान उघडून बसला होता. पोरगा पंचविशीचा. त्याने दांडी दाबून पाहिली, गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाला, "काका, प्लेटा गेल्या बघा."

मला ते पटले. प्लेटा नव्या घालायच्या म्हणजे मोठा खर्च, मोठा खर्च म्हणजे मोठे कारण; आणि मोठ्या गाडीला मोठे कारण शोभून दिसते. पण त्याच्याकडे माझ्या गाडीच्या प्लेटा असणे शक्यच नव्हते. "हळूहळू जावा," असा सल्ला त्याने दिला आणि पैसे घेतले नाहीत.

पेठ नाक्यावर हमरस्ता सोडून मी सांगलीच्या रस्त्याला वळलो आणि आष्ट्याच्या अलीकडे दांडी सपशेल मुठीला टेकली. आता क्लच नव्हताच. पुढचा प्रवास मी ॲक्सिलेटर क्षणभर सोडून पायाने हलकेच गिअर बदलत केला. थांबायची सोय नव्हती, कारण थांबायचे तर इंजिन बंद पडणार. बैलगाडी दिसली की दुरूनच वेग कमी करायचा, गतिरोधक दिसला की देव आठवायचा. तुंग गेले, कसबे डिग्रज गेले. सांगलीवाडी ओलांडून आयर्विन पुलापाशी आलो तेव्हा घामाने सदरा अंगाला चिकटला होता.

हा पूल १९२९ सालचा. पुराचे पाणी त्याच्यापाशी फुटांत मोजतात. आमच्या माहुलीवरून जाणारी कृष्णाच कराडला कोयनेला पोटात घेऊन इथे येते. एरवी या पुलावरून जाताना मी नदीकडे पाहतो. त्या दिवशी पाहिले नाही. लक्ष गाडीकडे होते, असे मी स्वतःला सांगितले.

आक्काच्या अंगणात रांगोळी होती. तिच्या कडेने मी गाडी ढकलत आत आणली. आक्का दारात आली. "गाडीवर आलास? या वयात?" एवढेच म्हणाली. पण तिने पाटाभोवती रांगोळी आधीच काढून ठेवली होती. मी येणार असे कळवले होते, तरी मला त्या पाटाचे नवल वाटले.

ओवाळणे झाले, जेवण झाले. दाजी हात धुऊन बाहेर आले ते थेट गाडीपाशी. आयुष्याची तीस-बत्तीस वर्षे त्यांनी किर्लोस्करवाडीला पंपांच्या कामात घालवली. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या त्या माळावर कारखाना आणि गाव वसवले, हा इतिहास दाजी कोणत्याही निमित्ताने सांगू शकतात. त्या दिवशी त्यांनी तो सांगितला नाही. ते पूर्वीपेक्षा वाळलेले दिसत होते. पायरीवर बसून त्यांनी मला एकेक विचारायला सुरुवात केली.

"चढावर इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी पुढं जात नाही, असं होतं का?"

"नाही."

"मग प्लेटा कशा गेल्या? प्लेटा झिजल्या तर त्या घसरतील, पकडणार नाहीत. तुझ्या सुटत नाहीत. रोग उलटा आहे. दांडी भराभर दाबली की घट्ट होते?"

"थोडी."

"म्हणजे हवा धरलीय. पंप हवा धरतो तसंच. पाणी दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. तू सगळा जोर लावतोस आणि तो जोर तो बुडबुडा खातो. आता सांग, हवा आत आली कुठून? तेल कमी होत होतं?"

मी ऐटीत माझा ब्रेकचा सिद्धान्त सांगितला. झिजेने पातळी उतरते, मी वेळच्या वेळी भर घालत आलो आहे, वगैरे.

दाजींनी वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीने आकृती काढली. बराच वेळ तिच्याकडे पाहिले आणि म्हणाले, "क्लचचं उलटं आहे रे. प्लेटा झिजून पातळ झाल्या की हा दाबपट्टा आत येतो, सळईला मागं ढकलतो, सळई दट्ट्याला मागं ढकलते. दट्ट्या मागं आला की तेल जाईल कुठं? वर, डबीत. म्हणजे झिजेनं तुझ्या डबीतलं तेल वाढायला पाहिजे. तुझं कमी होतंय. ते झीज नाही. कुठंतरी गळतंय."

"पण खाली तर कधी थेंब दिसला नाही."

"दिसणार नाही अशा जागी गळत असेल. ते झाकण काढ."

साखळीच्या पुढच्या दंतचक्रावर एक झाकण असते. खालचा सिलिंडर त्याच्या आड बसवलेला असतो. मी झाकण काढले. आत साखळीचे वंगण, धूळ आणि चिखल यांचा काळा राप होता. तो पुसत गेलो तर सिलिंडराच्या कडेला ओल. दट्ट्याचे रबरी सील गेले होते. माझे तेल दीड वर्ष तिथे थेंबथेंब झिरपत होते आणि त्या काळ्या रापात मिसळून जात होते. मी वरून भरत होतो, ते खालून जात होते.

नवे सील सांगलीत मिळण्यासारखे नव्हते, त्यातून भाऊबीज. पण निदान हवा काढून रोग तोच आहे याची खात्री करून घेऊ, असे दाजींचे मत पडले. खालच्या सिलिंडरावर एक छोटे निप्पल असते. त्याला पारदर्शक नळी लावायची आणि नळीचे दुसरे टोक तेल घातलेल्या बाटलीत बुडवायचे. एकाने वर दांडी दाबून धरायची, दुसऱ्याने खाली आठ नंबरच्या पान्याने निप्पल सैल करायचे. हवा आणि तेल बाहेर येते. मग निप्पल आवळायचे आणि त्यानंतरच दांडी सोडायची. आधी सोडली तर बाहेरची हवा परत आत ओढली जाते. दाजींना उभे राहवेना. तेव्हा आक्का पदर खोचून दांडीपाशी उभी राहिली आणि मी जमिनीवर आडवा झालो.

"नळी पाहिजे, स्वच्छ दिसणारी," मी म्हणालो.

आक्का आत गेली आणि सलाइनची नळी घेऊन आली. निप्पलवर ती चपखल बसली.

"ही घरात कशी?"

"श्रावणात यांना दवाखान्यात ठेवलं होतं. आठ दिवस. नंतर घरीही दोन बाटल्या लावल्या."

मी उठून बसलो. "आणि मला कळवलं नाहीस?"

आक्का दांडीकडे पाहत होती. "रस्ता बंद असेल म्हटलं," ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

२०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. आक्काच्या माजघरात ते छातीइतके होते. ती दोघे कुणाच्या तरी गच्चीवर चार दिवस होती. आईची लाकडी पेटी त्या पाण्यात होती. मी साताऱ्याहून फोन केला तेव्हा म्हणालो होतो, "रस्ता बंद आहे, आक्का." तो खरोखरच बंद होता. मी त्याच दिवशी बँकेतून रक्कम पाठवली. रस्ता उघडला. त्यानंतर मी पंधरा दिवसांनी गेलो. तोवर तिने आणि दाजींनी घरातला चिखल फावड्याने काढून भिंती धुतल्या होत्या, आणि पेटी उन्हात ठेवली होती. मी आलो याचा तिला आनंद झालेला दिसला. पैसे पोचले का, असे मी विचारले. पोचले, ती म्हणाली. त्या विषयावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. पैसे पाठवले की गेल्यासारखेच वाटते, हा अनुभव पुष्कळांचा असेल.

मी पुन्हा आडवा झालो. "दाब," म्हणालो.

"दाबली."

"धर." मी पाना फिरवला. नळीतून बुडबुडे आले. तेल चहासारखे काळपट होते. "आता सोड."

असे पाच-सात वेळा झाले. जमिनीवर आडव्या पडलेल्या माणसाला समोरच्याची फक्त पावले दिसतात. आक्काच्या पायात आईची जोडवी होती. चेहरा दिसत नसला म्हणजे काही गोष्टी बोलायला सोप्या जातात.

"दाब."

"दाबली."

"आक्का, पुराच्या वेळी रस्ता उघडल्यावरही मी पंधरा दिवस आलो नव्हतो."

निप्पल सैल होते. नळीतून एक मोठा बुडबुडा सावकाश वर आला आणि बाटलीत फुटला.

"ठाऊक आहे मला," वरून आवाज आला. "भाजीच्या गाड्या यायला लागल्या होत्या."

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे नव्हते.

"सोडू का?" तिने विचारले.

"थांब, आवळू दे. धरून ठेव."

"धरलीय," आक्का म्हणाली.

पुढच्या खेपेला तेल अखंड आले. दांडी घट्ट झाली. उठताना माझ्या हातून बाटली कलंडली आणि तेल टाकीवर सांडले. हे तेल रंग खाते. पण पाण्यात विरघळते. आक्काने तांब्याभर पाणी भसकन ओतले. टाकी वाचली, रांगोळीचा एक कोपरा वाहून गेला. "जाऊ दे," ती म्हणाली, "पुन्हा काढू." आणि हसली. तिला हसताना मी बऱ्याच दिवसांनी पाहत होतो.

दाजींनी मला दांडी पाच मिनिटे दाबून धरायला लावली. ती हळूहळू मुठीकडे सरकली. "बघ. हवा निघाली, पण सील गेलंय ते गेलंयच. आज निघालास तर कराडला पोचशील, साताऱ्याचं सांगत नाही."

गाडी तिथेच ठेवून दुसऱ्या दिवशी मी एसटीने परतलो. घरी येऊन गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका प्रथमच नीट वाचली. प्लेटांची झीज होते तसतशी डबीतली पातळी वाढते, हे तिच्यात स्पष्ट छापले होते. आणि तेल दोन वर्षांनी पूर्ण बदलावे, हेही. हे तेल हवेतला ओलावा शोषून घेते, त्या ओलाव्याने सिलिंडर आतून खराब होतो आणि खरखरीत सिलिंडर सील खातो. मी भर घालत राहिलो होतो, बदलले कधीच नव्हते.

सील पुण्याहून दहाव्या दिवशी आले. मी पुन्हा सांगलीला गेलो. जुने सील काढले तर त्याचा काठ एका बाजूने उसवल्यासारखा झाला होता. नखाएवढी जागा, त्याहून अधिक नाही. सिलिंडर साफ केला, नवे सील ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून बसवले, जुने तेल सगळे काढून टाकले. दांडीवर पुन्हा आक्काच होती. आता तिला न सांगता कळत होते, कधी दाबायचे आणि कधी सोडायचे. त्या रात्री तिने आईची पेटी काढून दाखवली. तळाशी चिखलाची रेघ अजून होती. तिने ती पुसलेली नाही आणि मीही पुसू नको म्हणालो. उशिरापर्यंत आम्ही बोलत बसलो होतो, आणि पुराचे तिने मला त्या रात्री पहिल्यांदा सांगितले.

मी पुष्कळ दिवस या गोष्टीचा विचार केला. जगात झीज आहेच. माणसे थकतात, कामे वाढतात, पूर्वीचे येणे-जाणे राहत नाही. त्याला कुणाचा इलाज नाही. पण जे जे कमी होते ते सगळे झिजेनेच होते, असे धरून चालणे फार सोयीचे असते. कारण झिजेला कुणी जबाबदार नसतो. गळतीचे तसे नाही. ती शोधावी लागते, त्यासाठी झाकण काढून हात काळे करावे लागतात, आणि पुष्कळदा ती आपल्याच हयगयीपाशी येऊन थांबते.

आता क्लच उत्तम आहे. डबीतले तेल कणभर वरच सरकले असेल, खाली आलेले नाही. आक्काचा फोन पुन्हा रविवारी येतो. प्रकृती, हवापाणी हे विषय नंतर. पहिला प्रश्न ठरलेला असतो.

"तेल कुठवर आहे रे?"

"रेघेला आहे," मी सांगतो.

या भाऊबीजेलाही जायचे आहे. साडी सोबत घेऊन जाईन. कुरिअरने पाठवणार नाही. दाजींनी फोनवर बजावले आहे, की येताना आठ नंबरचा पाना आण, शेजाऱ्याच्या पंपाचे काही काम काढून ठेवले आहे.